आंबा, पेरू आणि नवे हॉप: पहिली कोलॅब बिअर करणाऱ्यांसाठी

कोलॅब बिअरचे, म्हणजे दोन ब्रुअरींनी मिळून केलेल्या बिअरचे, फोटो बघा, सगळे ब्रू डेचे असतात. दोन्ही टीम गमबुटात, पाहुणा ब्रुअर मॅश टनमध्ये (माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेली बार्ली, गरम पाण्यात भिजवायचं भांडं) फावडं मारतोय, कोणाच्या तरी हातात हॉपचं (बिअरला कडूपणा आणि वास देणारी वेलीची फुलं) चकचकीत पाकीट. त्यामुळे या धंद्यात नव्यानं आलेल्यांना वाटतं की कोलॅब म्हणजे एक दिवस एकत्र येऊन केलेली ब्रू. खरं काम त्याच्या दोन महिने आधी असतं आणि नंतरच्या दहा-बारा दिवसांत असतं. बिअर बिघडते तीही तिथेच. ब्रू डेला बिघडवण्यासारखं फारसं काही नसतं.

मी पुण्यात एका मायक्रोब्रुअरीचं ब्रूइंग सांभाळते. पाहुणी म्हणून दुसऱ्यांकडे गेले आहे, यजमान म्हणून पाहुण्यांची सरबराईही केली आहे. हे लिहितेय ते नुकतेच ब्रुअर म्हणून लागलेल्यांसाठी आणि पहिल्या कोलॅबच्या विचारात असलेल्या छोट्या ब्रुअरींसाठी. उदाहरण म्हणून हजार लिटरची हेझी आयपीए (गढूळ दिसणारी, हॉपच्या वासाची बिअर) धरली आहे, हापूसच्या पल्पची. आणि हे सगळं परवाना असलेल्या जागेतच करायचं. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली विनापरवाना बिअर बनवता येत नाही. ‘घरी चाचणीपुरती पाच लिटर’ सुद्धा त्यात आली.

१. आधी साथीदार, मग रेसिपी

दोस्ती आहे म्हणून कोलॅब करू नका. दोस्तीत बिअर प्यावी. कोलॅब त्यांच्याशी करा ज्यांना असं काही येतं जे तुम्हाला येत नाही. तुमचा हात हॉपवर बसलेला असेल तर फळात मुरलेली ब्रुअरी शोधा. तुम्ही फळ सांभाळता पण ड्राय हॉपच्या (न उकळता थेट टँकमध्ये घातलेले हॉप) नावानं धास्ती वाटते, तर उलटं.

याचं जुनं आणि अजूनही सगळ्यात चांगलं उदाहरण २००७ सालचं आहे. बव्हेरियातल्या केलहाइमची श्नायडर ही गव्हाच्या बिअरची ब्रुअरी आणि न्यूयॉर्कची ब्रुकलिन ब्रुअरी यांनी मिळून हॉपफेन-वाइसं केली. श्नायडरचे हान्स-पेटर ड्रेक्स्लर आणि ब्रुकलिनचे गॅरेट ऑलिव्हर. एकाच कल्पनेच्या दोन बिअर झाल्या: केलहाइममध्ये बनली तिला जर्मन साफिर हॉप, ब्रुकलिनमध्ये बनली तिला अमेरिकन हॉप. यीस्टमधला केळी-लवंगेचा वास आणि हॉपमधला फळांचा वास एकमेकांना कसे धरतात, हे दोघांनाही आपापल्या टँकमध्ये बघायला मिळालं. कोलॅबमधून हे मिळायला हवं. नुसतं लेबलवर दोन लोगो छापून ते मिळत नाही.

साथीदार ठरला की एक पान लिहा. वकील लागत नाही, पण ईमेलवर दोघांचं ‘मान्य’ लागतं. त्यात एवढं हवं:

- यजमान कोण, टँक किती दिवस अडकणार.
- माल्ट, हॉप, यीस्ट, पल्प यातलं कोण काय आणणार आणि पैसे कोणाचे.
- बिअर कोण किती विकणार, केग (बिअरची पिंपं) कोणाचे, रिकामे केग परत कधी.
- हीच रेसिपी पुढे एकट्यानं करायची असेल तर परवानगी लागणार का.
- बॅच गटारात ओतावी लागली तर नुकसान कसं वाटायचं.
- ड्राय हॉप कधी घालायचे आणि बिअर टँकमधून कधी काढायची, हे कोण ठरवणार.

शेवटच्या मुद्द्यावर सगळ्यात जास्त वाद होतात, कारण तो कोणी लिहीतच नाही. माझं मत सरळ आहे: हा निर्णय यजमान ब्रुअरचा, एकट्याचा. बिअर त्याच्यासमोर आहे, सॅम्पल तो रोज चाखतोय. पाहुण्यानं फोनवर विचारावं, सुचवावं, पण तिसऱ्या गावात बसून ‘अजून दोन दिवस ठेवा’ म्हणू नये.

२. परवाना आणि कागद

बिअर ज्याच्या परवान्यावर बनते, त्याचीच ती असते. पाहुणी ब्रुअरी कितीही नावाजलेली असो, राज्य उत्पादन शुल्क विभागाच्या लेखी उत्पादक यजमानच. शुल्क तोच भरतो, नोंदवहीत बॅच त्याचीच. इथे बऱ्याच जणांची गाडी अडते: पाहुण्यांना वाटतं की आपल्या वाट्याचे केग गाडीत टाकून घेऊन जाऊ. तसं चालत नाही. बिअर परवान्याच्या जागेबाहेर हलवायला वाहतुकीचा परवाना लागतो, आणि गोव्याची ब्रुअरी पुण्यात येऊन बनवत असेल तर राज्याची हद्द ओलांडण्याचे कागद आणि तिथलं शुल्क हा आणखी वेगळा मामला. बहुतेक वेळा सोपा उपाय एकच: दोन्ही गावांत एकेक ब्रू करा, श्नायडर-ब्रुकलिनसारखी. पाहुणे यजमान होतात, यजमान पाहुणे.

कामाला हात घालण्याआधी एवढे कागद फाईलमध्ये असू द्या:

- यजमानाचा मद्यनिर्मितीचा परवाना आणि त्यावरची मुदत
- एफएसएसएआय परवाना
- दोन्ही बाजूंचं लेखी मान्यतेचं पान
- हॉपच्या प्रत्येक लॉटचं विश्लेषण प्रमाणपत्र
- पल्पचं विश्लेषण प्रमाणपत्र: ब्रिक्स (शंभर भागांत साखर किती), आम्लता, पीएच, प्रिझर्व्हेटिव्ह आहे की नाही
- कॅन किंवा बाटली करणार असाल तर लेबलची मंजुरी

लेबलच्या मंजुरीला वेळ लागतो. पहिली कोलॅब केगमध्येच ठेवा, हा माझा सल्ला. कॅन करायचाच असेल तर लेबलवर मद्यपान आरोग्यास हानिकारक असल्याचा आणि मद्यपान करून गाडी न चालवण्याचा वैधानिक इशारा लागतो. बार्ली, गहू, आणि लॅक्टोज (दुधातली साखर) घातलं असेल तर दूध, या अ‍ॅलर्जीच्या नोंदीही विसरू नका. आपल्याकडे लॅक्टोजची नोंद नळाशेजारच्या पाटीवरही लिहा. दूध न चालणारे लोक बिअरमध्ये दूध असेल असा विचारही करत नाहीत.

नावही आत्ताच शोधून बघा, आधीच कोणाचं आहे का ते. अमेरिकेत एव्हरी आणि रशियन रिव्हर या दोन ब्रुअरींच्या बिअरचं नाव एकच निघालं, ‘सॅल्व्हेशन’. त्यांनी कोर्टात न जाता दोन्ही बिअर एकत्र मिसळल्या आणि तिला ‘कोलॅबोरेशन नॉट लिटिगेशन’ म्हटलं. समोरची माणसं दर वेळी इतकी मोकळी असतीलच असं नाही.

३. फळ: हंगामाच्या मागे धावू नका

आंब्याची बिअर म्हणजे एप्रिल-मे, असं सगळ्यांच्या डोक्यात बसलंय. ते निम्मंच खरं आहे. फळ ताजं हवं असेल तर एप्रिल-मे. पण ताजा आंबा ब्रुअरीत आणला की साल, कोय, कामगार, आणि सालीवरचं रानटी यीस्ट आणि बॅक्टेरिया हे सगळं बरोबर येतं. हजार लिटरच्या बॅचला शंभर किलोच्या वर गर लागतो. तेवढा आमरस काढायला बसलात तर ब्रुअर राहत नाही, केटरर होता.

अ‍ॅसेप्टिक पल्प वापरा. निर्जंतुक करून हवाबंद पिशवीत भरलेला असतो, साधारण २१५ किलोच्या ड्रममध्ये येतो. लहान कामासाठी ३.१ किलोचे डबेही मिळतात. डब्यांच्या बाबतीत लेबल नीट वाचा. बरेचसे ‘स्वीटन्ड’ असतात, म्हणजे साखर घातलेले. आणि घरगुती पद्धतीनं बाटलीबंद केलेल्या आमरसात पोटॅशियम मेटाबायसल्फाइट किंवा सोडियम बेंझोएट असू शकतं. ते घातलंच जातं यीस्ट वाढू नये म्हणून. तुमच्या टँकमधलं यीस्ट त्याला अपवाद नाही.

हापूसचा पल्प साधारण १६ ब्रिक्स किंवा थोडा वर असतो, तोतापुरीचा १४ च्या आसपास. रत्नागिरीचा अभिमान बाजूला ठेवून सांगते, नुसता हापूस बिअरमध्ये बसका लागतो. साखर यीस्ट खाऊन टाकतं आणि मागे जे उरतं त्याला आंबटपणाचा आधार नसतो. मी तीन वाटे हापूसला एक वाटा तोतापुरी घालते. तोतापुरी आंबट आहे, स्वस्त आहे, आणि बिअरला कणा देते.

ताजं फळ वापरायचंच असेल तर गर ७५ अंशांपर्यंत तापवा, दहा-पंधरा मिनिटं धरा, लगेच गार करा. उकळू नका. उकळला की पेक्टिन सुटतं, बिअर कधी निवळत नाही आणि चव आंबावडीची येते.

बाकी फळांबद्दल थोडक्यात. गुलाबी पेरूचा पल्प वर्षभर मिळतो आणि नव्या हॉपशी त्याची जोडी फार सुरेख जमते, कारण पुढच्या भागात. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी वासाला छान, पण रंग दोन आठवड्यांत उडतो आणि बिअर फिकट तपकिरी दिसायला लागते. लवकर संपणार असेल तरच करा. जांभळाचा तुरटपणा हॉपच्या कडूपणाशी भांडतो. जांभूळ आंबट बिअरमध्ये घाला, आयपीएत नको. कोकमाचंही तेच: मीठ आणि धणे घातलेल्या आंबट गोझमध्ये कोकम घरच्यासारखं वागतं, हॉप तिथे नावापुरतेच ठेवायचे.

४. हॉप: नवं नाव बघून नाही, लॉट बघून घ्या

हॉपच्या वेलीला उन्हाळ्यात लांब दिवस लागतात, म्हणून तो साधारण ३५ ते ५५ अक्षांशांच्या पट्ट्यात पिकतो. हिमाचलच्या लाहौल खोऱ्यात थोडा होतो. आपल्या टँकमध्ये पडतो तो जवळजवळ सगळा बाहेरचा: अमेरिकेतलं याकिमा खोरं, जर्मनीतलं हालरटाऊ, न्यूझीलंडचं नेल्सन, ऑस्ट्रेलिया.

नव्या जाती म्हणजे काय तेही समजून घ्या. संकरातून हजारो रोपं वाढवतात, वर्षानुवर्षं चाळण लावतात, आणि उरलेल्या मोजक्यांना नाव मिळायच्या आधी नंबर असतो. सिट्राचा एचबीसी ३९४ होता, मोझॅकचा एचबीसी ३६९. मोझॅक २०१२ मध्ये आला, सिमको आणि नगेट या जातींच्या वंशातला. साब्रो २०१८ चा, अमेरिकेच्या रानटी हॉपचं रक्त असलेला, त्याला नारळाचा वास येतो. न्यूझीलंडचा नेक्टारॉन २०२० चा. तिथले हॉप पैदासकार रॉन बीट्सन यांच्या नावावरून तो ओळखला जातो. एचबीसी ५८६ बरीच वर्षं नंबरावरच विकला गेला, आता त्याचं नाव क्रश आहे. आंबा, पेरू, पीच असा त्याचा वास, म्हणून आपल्या कामाचा.

आता जोडी कशी लावायची. हापूसच्या वासावर पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत बरंच काम झालं आहे. कच्च्या फळात ओसिमीनसारखी टर्पीन (हिरवट वासाची द्रव्यं) असतात आणि पिकताना लॅक्टोन आणि फ्युरॅनोन (गोड वासाची द्रव्यं) वाढतात. आंब्याचा ‘पिकलेपणा’ यातून येतो. हॉपकडे टर्पीन भरपूर आहेत, पण पिकल्या फळाचा तो गोड गाभा त्याच्याकडे नाही. म्हणून कामं वाटून द्या: पल्पकडे गाभा, हॉपकडे वरचा सालीचा, चिकाचा, लिंबूवर्गी वास. आंब्यासाठी सिट्रा पायाला आणि वर मोझॅक किंवा क्रश. साब्रो आंब्याबरोबर घालाल तर हात आखडता ठेवा. आंबा-नारळ कागदावर मस्त वाटतं, ग्लासात सनस्क्रीनकडे झुकतं.

पेरूची गोष्ट वेगळी. गुलाबी पेरूचा तो घरभर पसरणारा वास गंधकयुक्त थायॉलमुळे येतो, आणि त्याच गटातली द्रव्यं नेल्सन सॉव्हिनमध्ये आहेत. लिटरमागे नॅनोग्रॅममध्ये मोजतात इतकी कमी, पण नाकाला तेवढी पुरतात. इथे फळ आणि हॉप एकाच दिशेनं ओढतात, त्यामुळे दोन्ही कमी घालूनही काम होतं. पहिली कोलॅब करत असाल आणि आंब्याचा हट्ट नसेल तर पेरू आणि नेल्सन करा. चुकायला जागा कमी आहे.

खरेदीचे सापळे असे. उत्तर गोलार्धात तोडणी ऑगस्ट-सप्टेंबरला, दक्षिणेत फेब्रुवारी ते एप्रिल. म्हणजे आंब्याच्या हंगामात याकिमाचा माल सात-आठ महिन्यांचा झालेला असतो आणि न्यूझीलंडचा ताजा माल अजून निघालेलाही नसतो, त्या वेळी मिळतो तो गेल्या वर्षीचा. अ‍ॅसेप्टिक पल्प घ्या म्हणते त्याचं दुसरं कारण हे: पल्प थांबतो, हॉप थांबत नाही. न्यूझीलंडचे हॉप हवे असतील तर नवं पीक पोचेपर्यंत थांबा आणि आंब्याची बिअर पावसाळ्यानंतर करा. लोक तेव्हाही पितात.

पाकिटावर पिकाचं वर्ष बघा, प्रमाणपत्रावर अल्फा (कडूपणा देणारी आम्लं) आणि एकूण तेल बघा. वितरकाला विचारा की बंदरापासून गोदामापर्यंत शीतसाखळी होती का. पाकीट फुगलेलं असेल किंवा फोडल्यावर चीझचा, जुन्या मोज्यांचा वास आला तर परत करा. आणि पाहुण्यांनी ‘आमच्याकडे थोडं उरलंय’ म्हणून आणलेलं फोडलेलं पाकीट घेऊ नका. मनाला लागतं, पण घेऊ नका. कोलॅबमध्ये फक्त सीलबंद.

५. ग्लासातली चाचणी

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या. पेलेट (हॉप दाबून केलेल्या गोळ्या) तळहातावर चोळून वास घेणं ठीक आहे, त्यातून माल ताजा आहे का एवढं कळतं. बिअरमध्ये तो कसा लागेल हे कळत नाही.

लागणारं सामान:

- शक्य तितकी साधी, हलकी लागर, बाटलीतली
- ०.१ ग्रॅमपर्यंत मोजणारा काटा
- ५० मिलिलिटरची सिरिंज
- पीएच मीटर आणि हायड्रोमीटर
- एकसारखे ग्लास आणि नावं झाकायला चिकटपट्टी

बाटली आधी खूप गार करा. उघडून दोन घोट काढा, अर्ध्या लिटरला २ ग्रॅम पेलेट टाका आणि पटकन बूच लावा. गार नसेल तर पेलेट पडताक्षणी फेसाचं कारंजं उडतं. हेच टँकवर झालं तर काय होतं ते आठव्या भागात. बाटली एक दिवस फ्रिजमध्ये ठेवा, मग गाळून चाखा. प्रत्येक जातीची वेगळी बाटली, आणि एक बाटली हॉपशिवाय.

मग फळ. तीच बिअर, त्यात ५, १० आणि १५ टक्के पल्प. इथे नवखे हमखास फसतात. ग्लासातल्या पल्पमधली साखर शाबूत असते, म्हणून १० टक्केवाला ग्लास सगळ्यांना आवडतो. टँकमध्ये ती साखर यीस्ट संपवतं आणि तीच बिअर कोरडी, पातळ, किंचित टर्पेंटाइनसारखी लागते. उपाय असा: ब्रुअरीत चालू असलेल्या एखाद्या बॅचमधून पाच लिटर यीस्टसकट काढा, त्यात पल्प घाला, आंबू द्या, आणि मग चाखा. आठवडा जातो, जाऊ दे. त्यानंतरच गोडव्यासाठी लॅक्टोज लागेल की नुसते ओट्स पुरतील ते ठरवा. मला लॅक्टोज फारसं आवडत नाही. २० टक्के ओट्स आणि थोडा गहू यानं जिभेला पुरेशी गोलाई येते आणि दुसरा ग्लास मागवावासा वाटतो.

चाखताना दोन्ही ब्रुअरींची माणसं हवीत, ग्लासांवरची नावं झाकलेली हवीत, आणि मालक शेवटी बोलायला हवेत. मालक आधी बोलले की चाचणी संपली.

६. गणित: पाच टक्क्यांची रेघ

फळ म्हणजे साखर आणि साखर म्हणजे अल्कोहोल, हे सगळ्यांना माहीत असतं, तरी रेसिपीत धरायचं राहून जातं. एफएसएसएआयच्या २०१८ च्या मानकांनुसार ५ टक्क्यांपर्यंत सौम्य बिअर, त्यावर ८ टक्क्यांपर्यंत तीव्र. तुमच्या परवान्याला आणि शुल्काच्या तक्त्याला कुठली रेघ लागते ते आधी विचारून ठेवा.

हजार लिटर बिअर, १२० किलो पल्प, १६ ब्रिक्स. साखर १९.२ किलो. तिच्यातून अल्कोहोल साधारण १२.४ लिटर. पल्पचा घनफळात वाटा ११३ लिटर, म्हणजे एकूण १११३. मूळ बिअर ५ टक्क्यांची असेल तर तिच्यातले ५० लिटर अधिक हे १२.४, भागिले १११३: ५.६ टक्के. रेघ ओलांडली. शेवटी ४.९ टक्के हवं असेल तर मूळ बिअर ४.२ टक्क्यांची बनवायला लागेल. ब्रिक्समधलं सगळंच आंबत नाही, त्यामुळे खरा आकडा थोडा खाली येतो, पण परवान्याच्या बाबतीत वरचाच आकडा धरावा.

हॉपचंही गणित मांडा. लिटरला ८ ग्रॅम ड्राय हॉप धरले तर ८.९ किलो. याहून जास्त घातलं की वास वाढण्यापेक्षा घशात खवखव वाढते, आणि फळाच्या बिअरमध्ये तर ६ ग्रॅमही पुरतात. पेलेट बिअर पितात: किलोमागे आठ-दहा लिटर गेली समजा. वरून पल्पचा गाळ. १११३ लिटरमधून विकायला हजारही राहणार नाहीत, आणि वाटणीच्या पानावर हा कमी आकडाच लिहा.

७. ब्रू डे

फोटो काढा, जेवण चांगलं ठेवा.

कामाचं बोलायचं तर: आरओ पाण्यात क्लोराइड सल्फेटच्या दुप्पट, मॅश ६७ अंशांच्या आसपास, उकळीत कडूपणासाठी अगदी थोडे हॉप, आणि बाकीचे व्हर्लपूलमध्ये (उकळीनंतर गाळ बसवायचं भांडं) वर्ट (अजून न आंबवलेला गोड काढा) ८० अंशांवर आणून. महागडी नवी जात इथे उधळू नका. व्हर्लपूलला सिट्रा पुरे, नेक्टारॉन किंवा क्रश ड्राय हॉपसाठी ठेवा. यीस्ट तुमच्या ब्रुअरीत रुळलेलं वापरा. पाहुण्यांचं आवडतं यीस्ट पहिल्यांदा वापरायला कोलॅब ही चुकीची वेळ. टँक तीन चतुर्थांशच भरा, वरची जागा फळासाठी.

८. टँकमधले दिवस

पाहुणे घरी गेले, आता बिअर बनते.

पल्प कधी: आंबणं दोन तृतीयांश झाल्यावर, साखरेच्या शेवटच्या आकड्याच्या दोन-तीन प्लेटो (ब्रिक्ससारखंच माप) वर असताना. फार आधी घातला तर सुटणारा कार्बन डायऑक्साइड आंब्याचा वास बाहेर घेऊन जातो. फार उशिरा घातला तर थकलेलं यीस्ट साखर अर्धवट सोडतं. पिशवीचं तोंड अल्कोहोलनं पुसून, पंपाच्या नळीतली हवा कार्बन डायऑक्साइडनं काढून, मगच जोडा. पल्प पडल्यावर काही तासांत आंबणं पुन्हा उसळतं. ब्लोऑफच्या नळीवर (टँकमधला वायू आणि फेस बाहेर सोडणारी) लक्ष ठेवा. ताज्या फळाचे रेषे तिच्यात अडकले तर टँकचा दाब वाढतो आणि ते खरंच धोक्याचं आहे. रात्रपाळीच्या माणसाला प्रेशर रिलीफ व्हॉल्व्ह कुठे आहे हे दाखवून ठेवा.

ड्राय हॉप कधी: फळाची साखर पूर्ण संपल्यावर. आकडा दोन दिवस हलला नाही की टँक १५ अंशांवर आणा, खाली बसलेलं यीस्ट काढून टाका, मग हॉप. टँकवरचा दाब आधी हळूहळू सोडा, पूर्ण. कार्बन डायऑक्साइड भरलेल्या बिअरमध्ये पेलेट ओतले की बाटलीतलं ते कारंजं आता टँकच्या तोंडातून येतं, आणि तोंडाजवळ शिडीवर माणूस उभा असतो. एकदम ओतू नका, आधी मूठभर टाकून थांबा. चष्मा घाला. हॉप दोन ते तीन दिवस पुरेत. त्यापुढे गवताची चव सुटते.

क्रीप: हॉपमध्ये स्टार्च तोडणारी एन्झाइम असतात. यीस्टला न खाता येणारे डेक्सट्रिन ती तोडतात, आणि संपलेलं आंबणं पुन्हा सुरू होतं. अल्कोहोल किंचित वाढतं, आणि डायसेटिल तयार होतं, म्हणजे सिनेमागृहातल्या पॉपकॉर्नच्या लोण्याचा वास. फळ, जास्त हॉप आणि टँक मोकळा करायची घाई, तिन्ही एकत्र आली की हे ठरलेलंच. म्हणून क्रॅश करण्याआधी, म्हणजे टँक एकदम गार करण्याआधी, चाचणी घ्या: दोन सॅम्पल, एक झाकून ६० अंशांच्या पाण्यात अर्धा तास, दुसरं तसंच. दोन्ही गार करून वास घ्या. तापवलेल्यात लोणी आलं तर बिअर तयार नाही, टँक १८ अंशांवर आणून यीस्टला काम करू द्या. यजमान ब्रुअरचा शब्द शेवटचा असावा म्हणाले ते याच दिवसासाठी. टँक हवा म्हणून मागे लागणारे तुमच्याच ब्रुअरीत असतात.

पीएचही बघा. आंबा तो खाली आणतो, ड्राय हॉप वर नेतात. शेवटी ४.२ ते ४.५ मध्ये असेल तर चव नेमकी लागते. ४.६ च्या वर बिअर सपक वाटते आणि लोक ‘आंबा कळत नाही’ म्हणतात. तेव्हा आणखी पल्प न घालता थोडं लॅक्टिक आम्ल घालून बघा.

९. केग, कॅन, नळ

हेझी बिअरचा शत्रू ऑक्सिजन. केग आणि ब्राइट टँक (तयार बिअर ठेवायचा टँक) कार्बन डायऑक्साइडनं पूर्ण धुवून घ्या, विरघळलेला ऑक्सिजन ५० पीपीबीच्या (अब्जात ५० भाग) खाली ठेवा. मीटर नसेल तर पहिला केग बाजूला ठेवून आठवड्यानं रंग बघा. पिवळी बिअर राखाडी-तपकिरी झाली असेल तर हवा कुठून तरी जातेय.

‘फळाची चव जास्त यावी’ म्हणून भरताना केगमध्ये किंवा कॅनमध्ये ताजा पल्प घालायची एक टूम आहे. यीस्ट जिवंत असताना हे करू नका. केग दुकानात उन्हात राहिला, फ्रिज रात्रीचा बंद पडला, की साखर आंबते. कॅन फुटतात. पाश्चराइझ करण्याची सोय असेल तरच या वाटेला जा.

नळावर लागली की तीन ते चार आठवड्यांत संपवा. नवे हॉप महाग असतात म्हणून बिअर जपून विकायची, ही उलटी काटकसर आहे. दोन केग गार ठेवून द्या. एक महिन्यानं उघडायचा, एक दोन महिन्यांनी, दोन्ही ब्रुअरींनी मिळून. त्या चाखणीच्या नोंदी, हॉपचे लॉट नंबर, पल्पचं प्रमाणपत्र आणि रोजच्या आकड्यांचं पान हे सगळं पाहुण्यांना पाठवा, कारण पुढची ब्रू त्यांच्या टँकमध्ये व्हायची आहे आणि त्यांचा पल्पचा पुरवठादार, त्यांचं पाणी आणि त्यांच्या हॉपचा लॉट वेगळा असणार आहे.

टँक रिकामा झाल्यावर आधी कोमट पाण्यानं गाळ काढा, मगच कॉस्टिक (टँक धुवायचा तीव्र क्षार). आंब्याचा गर थेट गरम कॉस्टिकखाली गेला तर स्प्रे बॉलच्या (टँक आतून धुणारा फवारा) भोकांत घट्ट बसतो. स्प्रे बॉल काढून हातानं बघा, आणि सँपल व्हॉल्व्ह पूर्ण खोला.